कुठवर चालेल?

वस्तू कोणतीही असो, काका आधी ती बोटाच्या पेराने वाजवून पाहायचे. माठ, नारळ, कलिंगड तर आपणही वाजवतो. काका दाराची फळी वाजवायचे, नवा कुकर वाजवायचे, लोकांच्या घरी गेले की पुढ्यात आलेली कपबशीसुद्धा वाजवायचे, आणि मान तिरकी करून ऐकायचे. काकू डोळ्यांनी दटावायच्या. काकांचे डोळे तेव्हा मिटलेले असायचे.

वसाहतीच्या फाटकापाशी एक कलिंगडवाला बसायचा. तो एकदा कंटाळून म्हणाला, "ले जाओ अंकल, चल जाएगा."

"कहाँ तक चलेगा?"

"घर तक तो चल ही जाएगा."

"और घर में?"

त्याने मुकाट्याने दुसरं कलिंगड काढून दिलं. वर म्हणाला, "आपके यहाँ जो दामाद आएगा ना अंकल, उसको मेरा अभी से नमस्ते."

मराठीतही काकांचं तेच. कोणी 'चालेल' म्हटलं की ते विचारायचे, "कुठवर चालेल?" तुम्ही दिवसातून किती वेळा चालेल म्हणता ते एकदा आठवून पाहा, म्हणजे अशा माणसाजवळ राहणं काय असेल ते कळेल.

भोपाळच्या आमच्या वसाहतीत सगळेच सरकारी कारखान्याचे लोक. अवजड यंत्रांचा कारखाना. काका तिथे तपासणी विभागात होते. बाहेरून आलेला माल त्यांच्यासमोर यायचा. चांगल्यावर ते हिरवा रंग लावायचे, वाइटावर लाल. आमचे हे त्याच कारखान्यात खलाशी होते. क्रेनच्या हुकाला ओझं अडकवायचं आणि खाली उभं राहून हाताने खुणा करायच्या, असं यांचं काम. मी काकांकडे सकाळी पोळ्या लाटायला जात असे. मी चौथी शिकलेली, आणि चार माणसांत बोलायची मला अजून भीती वाटते. त्यामुळे मी स्वयंपाकघरातच असायची आणि मला सगळं ऐकू यायचं.

आमच्या वसाहतीचा एक रंग होता, हिरवट राखाडी. कारखान्यातल्या यंत्रांना तो देत. मग तो लोकांच्या कपाटांना दिसायचा, कूलरला, झोपाळ्याला, बाळाच्या पाळण्याला. एका घरी तर तुळशीवृंदावनही त्याच रंगाचं होतं. तो कोणी चोरला असं नाही म्हणायचं. कारखाना सरकारचा, सरकार जनतेचं, आणि जनता म्हणजे कोण? आपणच. आपल्याच घरून आपल्याच घरी डबा आणला, त्याला चोरी कसं म्हणणार?

काकांच्या घरातलं लोखंडी स्टूल निळं होतं. बाजारातून पैसे देऊन आणलेलं. आलेगेले त्या स्टुलाकडे असे पाहायचे, जसं काही घरात कोणी आजारी आहे.

दर वर्षी कारखान्यात प्रामाणिकपणाची शपथ व्हायची. एके वर्षी मराठी मंडळाच्या सचिवांनी मंडळातही ती ठेवली. मोठा फलक केला, 'प्रामाणिकपणा हीच पूजा'. फलकाचा पत्रा कारखान्याचा, पाइप कारखान्याचे, वेल्डिंग कारखान्याच्या वेळेत. रंग तर तुम्हाला माहीतच आहे. काका आले, फलक वाजवला आणि म्हणाले, "पत्रा चांगला आहे. आपलाच दिसतोय." सचिवांना ते कौतुकच वाटलं.

आता नंदाचं सांगते. काका-काकूंची ही एकुलती एक. शिकलेली, उंच, कमी बोलणारी. तिला कोलार रोडवरचं एक स्थळ आलं. घर मराठीच, दोन पिढ्या भोपाळात राहिलेलं. मुलाच्या वडिलांचा लोखंडी मालाचा कारभार होता, आमच्या कारखान्यालाही माल द्यायचे. कोलार रोडला नवा दुमजली बंगला. आम्ही सगळे त्यांना कोलारवाले म्हणायचो.

बघायच्या दिवशी पोहे मी केले. काकूंनी मला बजावलं होतं, "वहिनी, तुम्ही दाराआड राहा. नंदा बशा नेईल." हे सगळीकडे असंच असतं. मुलीच्या हातचे पोहे कोणत्या मुलीने केलेले असतात, ते देवाला माहीत.

कोलारवाल्यांनी पहिलाच घास घेऊन म्हटलं, "वा! मुलीच्या हाताला चव आहे."

"नाही नाही," काका म्हणाले, "पोहे आमच्या ताईंनी केलेत. नंदाला स्वयंपाक जेमतेम येतो. पोळ्यांचा तर नकाशा होतो. ताई, बाहेर या, तुमचं कौतुक चाललंय."

मी दाराआड पदर तोंडात धरून उभी. काकांनी येऊन मला हाताला धरून बाहेर नेलं. खरं बोलणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या लाजेचं भान नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी जमिनीकडे पाहत नमस्कार केला आणि आत पळाले. काकूंनी हातातली किटली खाली ठेवली. आता स्थळ गेलं, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

पण कोलारवाले मोठ्याने हसले. "असा माणूस पाहिजे! आम्हाला हेच घर पाहिजे. आमची अपेक्षा काहीच नाही." मुलाने तर पोहे परत मागून घेतले. ते घेताना त्याने नंदाकडे पाहिलं आणि नंदाने खाली पाहिलं नाही. मी फटीतून बघत होते. तिला तो आवडला होता.

'अपेक्षा काहीच नाही' याचा अर्थ तुम्हालाही माहीत आहे. फक्त ती कधी कळेल आणि केवढी असेल, तेवढाच प्रश्न असतो. साखरपुडा ठरायच्या आत कोलारवाले एका सकाळी एकटेच आले. मी आत कणीक मळत होते.

"माल आलाय आमचा तुमच्याकडे. क्रेनचे हूक," ते म्हणाले. "घरचाच समजा."

"घरचा म्हणून जास्त वेळ वाजवला," काका म्हणाले. "आवाज बसका आहे. पोटात चीर आहे त्यांच्या."

"सगळ्यांच्या?"

"बऱ्याच जणांच्या. मी कालच बाजूला काढून लाल लावला."

कोलारवाले हसले. "अहो, तुमच्यात ते डेव्हिएशन का काय म्हणतात ना? थोडं मापात बसत नाही, पण घेऊन टाकायचं. तसं घ्या. चालेल."

"कुठवर चालेल?"

"व्याही, तुमच्या मुलीला पोळ्या येत नाहीत. आम्ही बोललो? चालवून घेतलंच ना?"

माझे हात कणकेत तसेच राहिले. काका म्हणाले, "पोळी वाकडी झाली तर पोटात जाते. हूक वाकला तर माणूस जातो."

"विचार करा," कोलारवाले उठत म्हणाले. "लाल रंगावर हिरवा बसतो. मुलीच्या लग्नाचा रंग पुन्हा पुन्हा येत नाही."

बातमी दुपारपर्यंत वसाहतभर. मग सल्ले सुरू झाले. मंडळाचे सचिव आले. "तत्त्व म्हणजे तत्त्व, त्यात वाद नाही. पण मुलीच्या बापाने तत्त्व जरा अंगणात ठेवून घरात यावं." शेजारचे म्हणाले, "तुम्ही नाही घेतला तर दुसरा घेईल. मग पुण्य त्याला कशाला देता?" काकूंचा भाऊ तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून स्कूटरवर आला आणि म्हणाला, "भाऊजी, मंत्रालयात आम्ही काय काय पास करतो, तुम्ही ऐकाल तर झोप उडेल. आम्ही झोपतोच ना?"

आमचे हे नागपूरकडचे. घरी पाय चोळत बसले होते. मी सांगितल्यावर म्हणाले, "काहून एवढा ताणून राहिला हा माणूस? मार ना बाप्पा हिरवा एक डाव! पोरीचं भलं होते. हुकाले काय होते?"

"त्याच्याखाली तुम्हीच उभे राहता ना?" मी विचारलं.

"मंग? मी काय आज उभा राहून राहिलो?"

मी उठून तेल गरम करायला ठेवलं.

काकांकडे मात्र घर बदललं. काकू रडून रडून बोलायच्या, "साऱ्या जगाचे हूक तुम्हीच वाजवायचे? आपली एकच पोर आहे हो." नंदा माझ्याशेजारी बसून पोळ्या लाटायला शिकायची. तिची पोळी गोल व्हायला लागली तसं मला वाईट वाटायला लागलं. आणि काका? एका रविवारी सकाळी ते बाजारातून दुधी घेऊन आले. निबर, बियांनी भरलेला. त्यांनी तो न पाहताच पिशवीत टाकला होता. काकूंनी तो तसाच चिरायला घेतला. मला त्या दुधीची भीती वाटली.

मग दोन-चार दिवसांतच कळलं की माल परत गेला. लालच राहिला. कोलारवाल्यांचा निरोप आला, पत्रिका नीट जुळत नाही. आधी छत्तीस गुण जुळले होते.

काकांना वर्षाच्या आत तपासणीतून काढून भंगार विभागात टाकलं. कोणी का ते सांगितलं नाही. तिथे त्यांनी भंगारही वाजवून पाहिलं, आणि भंगार म्हणून निघालेलं चांगलं सामान परत आत पाठवायला सुरुवात केली. तेव्हा त्यांना ग्रंथालयात बसवलं. पुस्तकांना आवाज नसतो.

नंदाने शाळेत नोकरी धरली. लग्न करायचं नाही असं काही तिने ठरवलं नव्हतं. स्थळं यायची. पण येणाऱ्याच्या कानात कोणीतरी घालायचंच, "बाप जरा विक्षिप्त आहे. जपून." जपणारे सगळे जपून परत गेले. मग स्थळं यायची थांबली. वसाहतीने काकांना 'वेडा' ठरवलं, आणि निवृत्तीनंतर ते शहरात भाड्याच्या घरात राहायला गेले तेव्हा सगळ्यांना हलकं वाटलं. काकू आधी गेल्या. काका गेल्या वर्षी गेले.

मंडळाच्या सभागृहात शोकसभा झाली. मी आणि हे गेलो. हे आता निवृत्त, गुडघे दुखतात, पण धडधाकट आहेत. मी भिंतीला लागून बसले. व्यासपीठावर कोलारवाले होते. म्हातारे, पण अजून तेच हसणं. मंडळाच्या नव्या सभागृहाला त्यांनीच देणगी दिली आहे, तेव्हा शोकसभेलाही अध्यक्ष तेच.

सचिव म्हणाले, "त्यांच्यापासूनच मी प्रामाणिकपणा शिकलो." शेजारचे म्हणाले, "आम्ही तेव्हाच त्यांना सांगितलं होतं, डगमगू नका." मी इकडे तिकडे पाहिलं. कोणी हसलं नाही. आपण तेव्हा काय म्हणालो होतो, ते सगळे खरोखरच विसरले होते.

शेवटी कोलारवाले उठले. "पर्वतासारखा माणूस! एकदा खुद्द माझा माल त्यांनी परत पाठवला. मी रागावलो नाही. मी म्हटलं, देशाला असे लोक पाहिजेत. मोह त्यांना कधी शिवला नाही." टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण भाषण तसं होतं.

मग सचिवांनी नंदाला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती उठली. केस पांढरे झालेत तिचे. माईक तिने घेतला नाही.

"बाबांना मोह शिवला नाही, असं आत्ता म्हणाले," ती म्हणाली. "बाबा असते तर त्यांनी मध्येच उठून सांगितलं असतं. ते नाहीत म्हणून मी सांगते. त्या वेळी एका सकाळी भोंगा व्हायच्या आधी बाबा बूट घालत होते. आईला म्हणाले, आज हिरवा लावून येतो, नंदाचं होऊन जाऊ दे. मी डबा घेऊन दारात उभी होते. मी डबा दिला नाही. म्हटलं, हिरवा लावणार असाल तर डबा इथेच राहू दे."

सभागृहात पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

"मी काही फार थोर नव्हते. मला तो मुलगा आवडला होता. खूप आवडला होता. पण आमच्याकडे पोळ्या करायला यायच्या त्या काकू रोज माझ्याशेजारी बसायच्या. त्यांचे मिस्टर त्या हुकाखाली उभे राहायचे. मला तेवढंच दिसत होतं. बाबा खाली बसले. मग बुटाची नाडी बांधायला त्यांना फार वेळ लागला. मी बांधून दिली आणि डबा हातात दिला. त्या दिवशी त्यांना तत्त्व आठवलं नव्हतं, मी आठवले होते. त्यांना पर्वत म्हणू नका. एवढं खोटं त्यांच्या नावावर नको."

ती बसली. कोलारवाले गळ्यातल्या उपरण्याच्या दशा एकेक करून सरळ करत होते. सचिवांनी घाईघाईने जाहीर केलं, आपण आता दोन मिनिटं शांतता पाळू या. खुर्च्या सरकल्या, कोणी खोकलं, कोणाच्या फोनवर भजन वाजलं. त्याआधी जी शांतता होती ती या दोन मिनिटांत पुन्हा आली नाही.

आमच्या यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. सगळे उभे असतानाच ते गुडघा धरत खुर्च्यांच्या मधून पुढे गेले आणि नंदासमोर जाऊन थांबले. मग कसंबसं म्हणाले, "पोरी, जेवली का तू?"

अशा वेळी सगळे 'हो' म्हणतात.

"नाही काका," नंदा म्हणाली. "सकाळपासून काहीच नाही."