घाटावरच्या शूटिंगचा कागद

इंदूबाई आमच्या ग्रामपंचायतीत शिपाई आहेत. नवरा गेल्यावर त्याच्या जागी लागल्या, त्याला एकोणीस वर्षं झाली. कर्जतच्या या बाजूला शूटिंगवाले फार येतात. पंचायतीचा ना-हरकत दाखला, पोलीस ठाण्याची परवानगी, ड्रोन असेल तर त्याचा वेगळा कागद, सगळं इंदूबाईंना तोंडपाठ आहे. चुकलेला अर्ज त्या परत लिहायला लावतात, पण आधी चहा पाजतात. शूटिंगला पंचायतीचा माणूस हजर लागतो, तेव्हाही त्याच जातात.

मागच्या मार्गशीर्षात नदीच्या घाटावर एका मालिकेचं शूटिंग होतं. ऋतिका नावाच्या मॅनेजर मुलीनं कागद चोख आणले होते. कॅमेरा लागला आणि तेवढ्यात गावातला किशोर घरच्यांबरोबर पायऱ्या उतरून आला. त्याचे वडील आबाजी वारले होते. त्या दिवशी दहावा होता.

ऋतिकानं परवानगी दाखवली. घाट दिवसभर त्यांना दिलेला होता, आणि दुपारी ऊन बदलणार होतं. किशोर मागं वळला. इंदूबाईंनी त्याचा हात धरला.

"तुजा कागद खरा हाय गं," त्या ऋतिकाला म्हणाल्या. "पन तो जागेचा हाय. ह्यांना कोनी इचारलं नाय."

ऋतिकानं फाईल मिटली. मग तिनं शूटिंगच्या सगळ्या माणसांना बाजूला बसवलं.

पिंड ठेवला, पण कावळा येईना. अर्धा तास गेला. बापाची काय इच्छा राहिली, असं किशोर पुन्हा पुन्हा विचारू लागला. इंदूबाईंच्या लक्षात आलं, शूटिंगचा जनरेटर अजून धडधडतोय. त्यांनी तो बंद करायला लावला. चाळीस माणसं चिडीचूप बसली. थोड्या वेळानं उंबरावरून एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. किशोरची आई रडली. मेकअपवाल्या मुलीनंही डोळे पुसले.

त्या दिवशी शूटिंग निम्मंच झालं. ऋतिकाला फोनवर बरंच ऐकून घ्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी इंदूबाई ग्रामसेवकासमोर बसल्या आणि दाखल्यात एक ओळ वाढवायला लावली: घाटावर कुणाचं कार्य असल्यास ते आटोपेपर्यंत शूटिंग थांबेल. छापील नमुन्यात तशी जागा नाही, असं ग्रामसेवक म्हणाले. मग हातानं लिहा, असं इंदूबाईंनी सांगितलं.

तेराव्याला किशोरनं ऋतिकाला जेवायला बोलावलं. ती इंदूबाईंच्या शेजारी पंगतीत बसली आणि वालाचं बिरडं दोनदा मागून घेतलं.