ग्लासगोचं बारसं आणि आमचा नावाचा पोल

ग्लासगोला मी भाचीच्या बारशाला गेले, पण घरून निघायच्या आधीच दिवे लावून ठेवले होते. माझ्या धाकट्या भावाला, सुमीतला, मुलगी झाली. त्याची बायको केटी स्कॉटिश. दोघांनी नाव ठरवलं इंग्रिड. बाळाच्या कानात नाव आत्याने सांगायचं, म्हणून मला आधी कळवलं. आणि मी काय करावं? इकडे कॉव्हेंट्रीला माझ्या किचनमध्ये उभ्या उभ्या फॅमिली ग्रुपवर पोल टाकला: इंग्रिड की इरा?

मग काय, सुटले सगळे! नागपूरच्या काकू म्हणाल्या, "गिझरच्या कंपनीचं नाव वाटतंय गं." मामेभावाने लिहिलं, "मुलगी आहे की मशीन?" सगळ्यात आगाऊपणा माझाच: "इंग्रिड सुमीत जोशी! पाटी वाचून पोस्टमन परत जाईल." इराला एकोणीस मतं, इंग्रिडला शून्य. सुमीतने काहीच लिहिलं नाही. मला वाटलं, बिझी असेल.

शुक्रवारी सकाळी निघाले. जाणाऱ्यांनो, तिकीट महिनाभर आधी काढा, ऐन वेळी फार महाग पडतं. बर्मिंगहॅमला गाडी बदलली की पुढे चारेक तास निवांत. डावीकडची खिडकी धरा, चांगले डोंगर तिकडेच आहेत. मला धुक्यापलीकडे काही दिसलं नाही. ट्रेनमधल्या चहाच्या नादी लागू नका. मी घरच्या तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या.

सुमीत स्टेशनवर घ्यायला आला. गाडीत बसल्यावर म्हणाला, "ताई, कानात इराच सांग. रजिस्टरपण तेच केलंय."

"अरे, पण का?"

"केटीने माझ्या फोनवर पोल वाचला. ट्रान्सलेट करून, सगळा."

घर येईपर्यंत मी फोनवर माझेच मेसेज वाचत बसले.

घर जुन्या दगडी इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, त्यामुळे बॅगा बेताच्या न्या. शनिवारी बारशाला केटीच्या आजीला दोघा पाहुण्यांनी खुर्चीसकट उचलून वर आणलं. शेटलंड बेटांवरच्या, नव्वदीच्या घरातल्या. केटीची आई लवकर गेली, हिला वाढवलं ते आजीने. केटीने ओळख करून दिली, "माय ग्रॅन. इंग्रिड."

घुगऱ्यांची वाटी माझ्या हातातच राहिली. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि मी तरी विचारलं कुठे होतं?

किचनमध्ये केटीला गाठलं. माफी मागितली, नाव अजून बदलता येईल का म्हटलं.

"नो," ती कप विसळत म्हणाली. "शाळेत कोणी हसलं असतं तर मी बघून घेतलं असतं. घरातलेच हसणार असतील तर नको. इट्स फाइन."

फाइन म्हणाली, पण माझ्याकडे बघितलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गोविंद घ्या, गोपाळ घ्या" झालं. मी पाळण्यावर वाकले, कानात इरा म्हटलं, कुर्रर्र केलं. प्रथेप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. एरवी मी अगं अगं करून ओरडते, या वेळी गप्प खाल्ले.

आजींनी विचारलं, "काय ठेवलंत नाव?"

"इरा," मी म्हटलं.

"लव्हली. सोपं आहे." मग केटीचा हात थोपटत म्हणाल्या, "मला माझं नाव शाळेत कधी आवडलंच नाही, बरं का." केटी रडायला लागली, तरी त्या थोपटतच राहिल्या.

रविवारी परत आले. ग्लासगो देखणं शहर आहे म्हणतात, जरूर जा. मी काही पाहिलं नाही.

आज सकाळी चहा टाकता टाकता तो पोल पुन्हा उघडला. दिलेलं मत बदलता येतं, हे मला माहीतच नव्हतं. इराचं माझं मत काढलं, इंग्रिडला दिलं. अठरा विरुद्ध एक. ग्रुपवर कोणाच्या लक्षातही आलं नाही.