मालकांच्या टेबलावरची चिठ्ठी

ही गोष्ट मी इंदूलाही सांगितलेली नाही. सगळा संसार एकत्र केला, दुखणीखुपणी, पोरांची लग्नं, सांगलीच्या विश्रामबागेतलं हे घर — सगळं दोघांनी मिळून. पण ही एक गोष्ट मी तिच्यापासूनही लांब ठेवली. का? विचारणारं कोणी नव्हतं म्हणून. इतकं साधं आहे ते.

आणि आधीच सांगून टाकतो, या गोष्टीने माझी झोप कधी उडाली नाही. मी सुखात जगलो. जेवण गोड लागलं, नातवंडं अंगाखांद्यावर खेळली. तुम्हाला वाटत असेल की असं काही पोटात ठेवणारा माणूस आतून कुढत असतो. मी नाही कुढलो. तेही या कबुलीतच धरा.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. मी साताऱ्यात थोरल्या भावाच्या घरी राहत होतो. लग्नाला वर्ष झालेलं, आणि मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात किरकोळ नोकरी. त्या दिवसांत सांगलीच्या एका कारखान्याची जाहिरात आली — ‘टेस्ट इंजिनिअर पाहिजे.’ नाव भारदस्त, काम असं की विहिरीवर बसवायची तेलाची इंजिनं सांगलीत ओतायची, मुंबईत परळच्या गाळ्यात जोडायची, आणि गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी कोणीतरी ती चालवून तपासायची. तो कोणीतरी म्हणजे टेस्ट इंजिनिअर. शिवाय परळला राहायला एक खोली. त्या काळी मुंबईत खोली मिळणं म्हणजे काय होतं, हे आता कसं सांगू?

मुलाखतीच्या दिवशी सांगलीच्या त्या कारखान्याच्या दारातल्या बाकावर माझ्याआधी एक जण येऊन बसला होता. ज्ञानू. म्हसवडचा, सहा वर्षं लष्करात गाड्यांचा मेकॅनिक. पाच मिनिटांत त्याने माझी सगळी माहिती काढून घेतली आणि स्वतःची दिली. बायको हौसा, दोन वर्षांची पोरगी सुली. पोरीला त्याने आजवर दोनदा पाहिलं होतं. ही नोकरी त्याला कशासाठी हवी होती ते त्याने तिथेच सांगितलं — पगारासाठी नाही, त्या खोलीसाठी. “सहा वर्सं बायकू पत्रातच बघितली, गड्या,” तो म्हणाला. “आता एका चुलीचं खायचं हाय.”

हे मला माहीत होतं. नंतर जे केलं ते हे ऐकून केलं, हे लक्षात ठेवा.

मालकांची माणूस पारखायची एक पद्धत होती. चालत्या इंजिनात ते आपल्या हाताने एक खोड करून ठेवायचे आणि उमेदवाराला म्हणायचे, शोधा. ज्ञानू आधी गेला. त्याने लांब पेचकस मागितला, त्याचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. दोन-तीन जागा ऐकल्या. मग म्हणाला, “धूर जायचा व्हॉल्व पुरता बसत न्हाई. कुणीतरी मुद्दाम ताणलाय.” मालक हसले. माझ्या इंजिनात त्यांनी दुसरी खोड केली. मी तेलाची नळी सोडवली, परत बसवली, पंप उघडला, पुन्हा नळीकडे आलो. सापडली शेवटी. पण तोवर माझा सदरा पाठीला चिकटला होता. कोण सरस होता, यात शंका घ्यायला जागाच नव्हती. मालकांना नव्हती, मलाही नव्हती.

मग पगाराची बोलणी. तीही त्यांच्या पद्धतीने. तोंडी घासाघीस त्यांना आवडत नसे. एकेकाने आत जायचं, टेबलावरच्या कागदावर आपला आकडा लिहायचा, घडी करून पेपरवेटखाली ठेवायची आणि बाहेर यायचं. भट्टीवरच्या, साचे घालणाऱ्या एका मोल्डरने आम्हाला जाता जाता सांगितलं होतं की मालक कामाची तारीफ करतात, पण नोकरीवर घेतात ते चिठ्ठीतला आकडा बघून.

ज्ञानूने भाकरीचं फडकं सोडलं, अर्धी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, “हे बघ. मुंबई लय महाग हाय. दोघांनीबी सवाशे लिवायचं. कमी लिवलं तर उद्या तिथं आपल्याच बायकापोरांचं हाल. आकडा सारखा झाला की मालकाला कामच बघायला लागंल. मग तुला घेऊ दे न्हाईतर मला.” आपल्या गावच्या सिद्धनाथाची आण त्याने घेतली. मी आण घेतली नाही. मी म्हणालो, “बरं.” त्याची भाकरी तोंडात होती तेव्हा म्हणालो.

आता लिहायला हवं. कधीपासून या वाक्याच्या भोवती फिरतोय — तुमच्या ध्यानात आलंच असेल.

मी आत गेलो. खोलीत कोणी नव्हतं. दौत, टाक, कागद. मी पंच्याण्णव लिहिले.

हात थरथरला का? नाही. मनात युद्ध वगैरे झालं का? तेही नाही. अक्षर चांगलं आलं होतं, एवढं आठवतं. आकडे सारखे झाले तर तोच लागणार, हे मला दिसत होतं. आणि मला ती खोली हवी होती. भावाच्या घरात इंदूशी मोकळेपणी दोन शब्द बोलता येत नव्हते, हे खरं. पण ज्ञानूला तर सहा वर्षांत बायको सुट्टीपुरतीच दिसली होती. तेव्हा ते कारण मी पुढे करत नाही.

तासाभराने मालकांनी मला बोलावलं आणि नोकरी दिली. त्याआधी ते ज्ञानूला काय म्हणाले ते मी ऐकलं नाही. बाहेर आलो तर तो उभा होता, आणि त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. कारणही त्याने स्वतःच शोधून ठेवलं होतं — त्याचा कान लष्कराच्या मोठ्या गाड्यांवर तयार झालेला, या लहान इंजिनांना माझा हातच बरा. मग त्याने विचारलं, “सवाशेच न्हवं?”

“हो,” मी म्हणालो. “सवाशे.”

चिठ्ठी लिहिली तो लोभ होता. हे ‘हो’ मात्र निव्वळ भित्रेपणा. दोन्हींत मोठं कोणतं? मला विचाराल तर दुसरं.

परळचे दिवस आमच्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले दिवस होते. खोलीला एक खिडकी होती, इंदूने तिच्यात तुळस लावली होती. गाळ्यात मी काम शिकलो, खरोखर चांगलं शिकलो. पंच्याण्णवात मात्र भागत नव्हतं. रेशनचं धान्य पुरायचं नाही, आणि महिनाअखेरीला आम्ही दोघं चहावर दिवस काढून त्यावर हसायचो. नवं लग्न होतं, हसू यायचं.

ज्ञानूला म्हसवडात काम मिळालं नाही. तो कलकत्त्याकडे गेला, लष्कराच्या जुन्या गाड्या दुरुस्त करायच्या एका डेपोत. राहायला बराकीतली खाट. बायको-पोर पुन्हा गावी. वर्षातून एकदा तो मुंबईवरून गावाकडे जायचा. पहिल्या वर्षी परत जाताना आमच्याकडे उतरला आणि त्याने आमचं ताट पाहिलं. सवाशातसुद्धा भागत नाही का, त्याने काळजीने विचारलं. मी म्हणालो, तूच म्हणाला होतास ना, मुंबई महाग आहे म्हणून.

त्या महिन्यापासून म्हसवडहून हुलगे, मटकी आणि शेंगा येऊ लागल्या. कोणी ना कोणी मुंबईला येणारा घेऊन यायचा. त्याने कलकत्त्याहून हौसाला लिहिलं होतं. नवरा हजार मैलांवर, आणि ती बाई एकटीने शेत बघून माझ्या घरी कडधान्य धाडत होती. इंदू हुलग्यांचं माडगं फार चांगलं करायची. मी वाटीवर वाटी घ्यायचो. दोन वर्षांनी मालकांनी माझा पगार खरोखरच सवाशे केला. तेव्हा मला काय वाटलं सांगू? वाटलं, चला, आता खोटं नाही राहिलं. हुलगे तरीही येत होते आणि मी नको म्हणालो नाही.

तिसऱ्या वर्षी सिद्धनाथाच्या यात्रेला ज्ञानूने आम्हाला आग्रहाने बोलावलं. तो आदल्याच दिवशी कलकत्त्याहून आला होता. मी अंगणात बसलो, तर तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना माझी ओळख करून देत होता — एका भाकरीतले आम्ही, दोघांनी एकच आकडा लिहिला, पण हा कामात सरस म्हणून याला घेतलं. दर माणसाला तेच, नव्या हौसेने. मी मान हलवत होतो.

सुली तेव्हा पाच वर्षांची. सकाळपासून ती आईच्या पदराआडून बापाकडे बघत होती. त्याने खाऊ पुढे केला की मागे सरायची. पानं वाढली, आम्ही बसायला उठलो, तेव्हा तिने आईला विचारलं. हळू विचारलं, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

“आये, ह्यो पावणा कवा जाणार?”

हौसाने खाली पाहिलं. ज्ञानू मोठ्याने हसला, म्हणाला, “जातो बाई, चार दिसांनी जातो,” आणि माझा हात धरून मला आपल्या शेजारच्या पाटावर बसवलं.

तेव्हा सांगता आलं असतं. नंतरही पुष्कळ वर्षं सांगता आलं असतं. आता तो नाही.

सगळे हसले होते. मीही हसलो, आणि पोटभर जेवलो.