पहिल्या गिअरच्या भरवशावर

मुठा गावाच्या पुढे, चढावरच गाडीच्या क्लचचं पेडल तळाला गेलं ते वर आलंच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी क्लचचा नवा सिलिंडर, तेलाची बाटली आणि मोबाइलवर तीनदा पाहिलेला व्हिडिओ एवढ्या शिदोरीवर मी त्याच जागी हजर झालो. बायको म्हणाली होती, मेकॅनिकला बोलाव. पण मी कंपनीत दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो. मला कोण शिकवणार?

सिलिंडर बसला. आता पाइपातली हवा काढायची. त्याला माणसं दोन लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं गाडीखालून नट सैल करून बुडबुडे जाऊ द्यायचे आणि नट आवळल्यावर पहिल्यानं पाय काढायचा. धुकं असं की माझ्याच गाडीचं नाक मला दिसेना. त्यातून गवताचा भारा घेऊन एक म्हातारबाबा आले. त्यांनाच मी सीटवर बसवलं.

"चाकाला दगुड लावा की, सायेब."

"बाबा, गाडी पहिल्या गिअरमध्ये आहे. हत्तीनं ओढली तरी हलायची नाही."

हँडब्रेक नावापुरताच होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. चपला काढल्या, पुढच्या चाकापासून हातभर मागं ठेवल्या आणि चपलांच्या पलीकडून आडवा आत सरकलो. पाय तेवढे बाहेर.

"दाबा."

"दाबलं."

नट सैल, फसफस, नट घट्ट. "सोडा."

त्या पत्र्याखाली बाबांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. दर वेळी पेडल दबताना कुठंतरी बारीक कुर्र व्हायचं. आणि एक विचित्र गोष्ट. नट आधी माझ्या एका कानावर होता, मग नाकावर आला, मग दुसऱ्या कानावर. चिखलात मीच घसरतोय म्हणून मी मान सरकवत राहिलो. अंगाखालची जमीन हळूच कुणीतरी ओढतंय असं वाटत होतं. अशा वाटण्याला मी भीक घालत नाही.

बुडबुडे थांबले. "झालं बाबा! आता एकदाच, पुरतं दाबून धरायचं. मी सांगितल्यावर."

पाना ठेवायला हात बाजूला नेला, तो चपलेला लागला. चप्पल ओढली. येईना. तिच्यावर चाक होतं.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. क्लच दाबला की गिअरची पकड सुटते. पाइपात हवा होती तोवर ती नीट सुटत नव्हती, म्हणून गाडी उभी होती. मी नट सैल केला की दाब जायचा आणि गाडी पुन्हा थबकायची. तासभर मी मन लावून तिला मोकळं करत होतो. आता नट घट्ट होता. टायरचं रबर माझ्या मांडीला गार लागत होतं.

वरून आवाज आला, "दाबू का, सायेब?"

मी आधी मांडी बाजूला ओढायला गेलो.

"सायेब? दाबतुया हां."

कुर्र.

"नको!" शेळी ओरडावी तसा मी ओरडलो. कुर्र थांबलं. कोपरांवर सरपटत बाहेर आलो आणि गवतात बसून राहिलो.

बाबा खाली उतरले, चाकाखालची चप्पल बघून म्हणाले, "मगाधरनं मागं सरकतीया गाडी."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुमीच खालनं ढकलताय."

परत येताना क्लच लोण्यासारखा दबत होता. डावा पाय मात्र पार भुकूम गाव येईपर्यंत त्यावर ठरत नव्हता.