हेडफोनची जुनी वायर

हेडफोनची वायर बदलली की आवाज सुधारतो, असं माझा जावई म्हणतो. सुधारतो बाबा, सुधारतो, मी कुठं नाही म्हणतोय? माझ्याकडं तर इतका सुधारला की माझी बायकोच त्यातून निघून गेली.

ती वारल्याला दोन पावसाळे झाले. आमचं गाव पोलादपूरच्या वर, कशेडीच्या अंगाला. मी टेम्पो चालवायचो; आता महाडात खोली घेऊन एकटा राहतो. पण गणपतीत गावच्या अंगणात जाखडी उभी राहिली की गायला मीच लागतो. बाप्ये पायात घुंगरू बांधून गोल धरतात, गाणारा आणि मृदंगवाला मधोमध बसतात, बायका ओटीवरून बघतात. बायकांनी गायचं नसतं. असं कुणी सांगितलेलं नाही, पण नसतंच.

माझी बायको गायची. मी कडवं संपवलं की गोलातले बाप्ये शेवटची ओळ उचलतात, तिला आम्ही झील म्हणतो. ओटीच्या कडेला खांबाला टेकून, पदर तोंडाशी धरून ती पण झील म्हणायची, सगळ्यांच्या मागून, जराशी उशिरा. मधे बसून मला ती कधी ऐकू आली नाही. शेजारणी चिडवायच्या म्हणून कळलं. एकदा मी म्हटलं, अगं जरा मोठ्यानं म्हण की, लाजतेस कशाला. भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी गा वो. मी हाय मागं."

ती असताना एका गणपतीत मुंबईहून आलेल्या पुतण्यानं जाखडीचं रेकॉर्डिंग केलं. त्याच्याकडं दोन माइकचं बारकं यंत्र होतं, ते त्यानं अंगणात ओटीजवळ ठेवलं आणि मग सगळं गाणं माझ्या फोनमध्ये घालून दिलं. बायकोच्या तशा बऱ्याच वस्तू राहिल्यात. फोटो आहे, लुगडी आहेत, सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर गुडघे शेकायला न्यायचो तेव्हाची पिशवी आहे. आवाज तेवढा कुठंच नव्हता. फोनवर ती "हां, बोला" एवढंच बोलायची, ते कोण कशाला जपून ठेवणार?

मग वायर बिघडली. हेडफोन जावयाचे जुने, मोठे, कान झाकणारे. खिशात पिनेपाशी वाकून वाकून आतली तार तुटली असणार. एका संध्याकाळी गाणं लावलं तर माझा आवाजच नाही. म्हणजे होता, पण विहिरीच्या तळाशी बसून गातोय असा. मृदंग पण तसाच. घुंगरं तेवढी आजूबाजूला वाजत होती. वैतागून हेडफोन काढणार, तेवढ्यात डाव्या कानाशी कुणीतरी झील म्हटली. जराशी उशिरा.

सरळ सांगतो, मी ओक्साबोक्शी रडलो. त्यानंतर वायर दुरुस्त करायचं नाव काढलं नाही. रोज चहा झाला की खुर्चीत बसायचो आणि तिला ऐकायचो. मुलीला यातलं काही बोललो नाही. एकटा राहून म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणाली असती आणि उचलून ठाण्याला तिच्या घरी नेलं असतं.

मुलगी आली की माझं सगळं घर तपासते. तिनं हेडफोन पण लावून बघितले, माझ्या आवाजाची ती दशा ऐकली, आणि पुढच्या खेपेला येताना नवी वायर घेऊन आली. जाड, विणलेली, पिनेला सोन्याचं पाणी. मी मासळी घेऊन बाजारातून येईपर्यंत जुनी उपटून नवी लावून मोकळी. आता ऐका म्हणाली.

ऐकलं. घुंगरू न् घुंगरू सुटं, मृदंगाची थाप छातीत, आणि मधोमध मी. असा खणखणीत की मी श्वास कुठं घेतला ते कळावं. झील आली, बाप्यांनी उचलली, त्यावर मी तान मारली. डावा कान दाबून धरला. ती नव्हती. तिथंच खांबाला टेकून बसलेली असणार, पण माझ्या आवाजाखाली पार गाडली गेली होती.

आवाज कसा आहे म्हणेन याची वाट बघत मुलगी समोर बसली होती. जुनी वायर कुठाय विचारलं. सकाळच्या घंटागाडीत टाकली म्हणाली. मग माझं टाळकं सटकलं. बोलू नये ते बोललो, तुला कुणी सांगितलं होतं, माझ्या वस्तूंना हात कशाला लावतेस. तिचे डोळे भरले, पण माझीच लेक ती, गप्प कसली बसते. एका तुटक्या वायरीसाठी एवढा तमाशा? असं होतं काय त्यात?

"तुझी आई होती गो त्यात."

तिनं हेडफोन घेतले आणि सगळं गाणं ऐकलं. मग म्हणाली, "बाबा, यात आई नाहीये." फार मऊ बोलली, वेड्याशी बोलतात तसं. तेच मला सोसलं नाही. हेडफोन पुन्हा कानाला लावले, पुन्हा आपला मीच बोंबलतोय. रागानं पिन फोनमधून उपटायला गेलो. पिन नवीकोरी, घट्ट. निम्मीच बाहेर आली. आणि माझा आवाज बुडाला.

हात होता तिथंच धरला. झील आली, आणि तिच्यामागून ती आली.

नंतर मुलीनं कुठंतरी वाचून सांगितलं की वायर आतून तुटली किंवा अशी निम्मी लागली की दोन्ही कानांत सारखं असतं ते पुसलं जातं आणि कडेला असतं ते उरतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की बोट हललं की मी येतो आणि ती जाते.

मुलीला जवळ बसवलं. पिन न सोडता दुसऱ्या हातानं हेडफोन काढून तिच्या कानाला लावले, गाणं मागं घेतलं. आता मला काहीच ऐकू येत नव्हतं, नुसता पंखा. बोटांना रग लागली, तसं मी दुसऱ्या हातानं मनगट धरलं. मुलगी भिंतीकडं बघत होती, चेहरा कोरा. मला वाटलं, तिला नाहीच सापडत.

मग तिचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ. झील म्हणत होती, जराशी उशिरा.