चावी फिरवायला हात धजला नाही

ती घटना आठवली की आजही माझा आवाज आपोआप खाली येतो. पोलीस खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावरही कुणापाशी बोललो नव्हतो.

नगरजवळच्या एका शिलाई कारखान्यातून दोन मशिनी चोरीला गेल्या. पंचनाम्यात कडी-कोयंडा शाबूत, कुलूप उघडं. "चोर आतलाच आहे," असं मी सगळ्या बायकांसमोर बोलून मोकळा झालो.

कुलूप लावायचं काम एका विधवा बाईकडे होतं. सरकारकडून दरमहा निराधारांचा पगार घेणाऱ्या बायकांना तिथे काम शिकवत. शिकेपर्यंत निम्मी मजुरी सरकार देणार, हात बसला की मालक कायम करणार, असं ठरलेलं. बाई शनिशिंगणापूरची. मालक म्हणाला, "शनीच्या गावची बाई चोरी करायची नाही, म्हणून तर चावी तिच्याकडं दिली, साहेब."

ठाण्यात महिला हवालदारासमोर मी तिला दुपारभर विचारलं, "कुलूप लावलं होतं का?" ती पदर पिळत बसली. मी आवाज चढवला. ती रडायला लागली, तरी गप्पच. गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, हा माझा अनुभव. तो खराच ठरला. काय लपवतो, ते मात्र मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

पुढे खबऱ्याचा फोन आला. काष्टीच्या बाजारात एक जण शिलाई मशीन स्वस्तात विकत होता. त्याला उचलला. भुरटा चोर. म्हणाला, "तोडायचं कशाला साहेब? कुलूप नुसतं लटकत हुतं."

मी बाईंना पुन्हा बोलावलं. "ताई, चोर सापडला. तुमचं काम जाऊ देणार नाही. आता तरी सांगा."

"कुलूप अडकवलं हुतं, साहेब. चावी फिरवायला हात धजला न्हाई. आमच्या घराला दारच न्हाई. कुलूप लावलं म्हंजी देवावर भरवसा न्हाई."

"मग मालकाला सांगायचं ना!"

"त्यो म्हनला असता, हिला साधं कुलूप लावता येईना, मशीन काय शिकनार? मग परत निराधारांच्या पगारासाठी तहसीलच्या पायऱ्या. हितं कामाचा पगार मिळतो, साहेब. त्यो हातात लई येगळा लागतो."

हवालदार बाई म्हणाल्या, "अहो ताई, देव चोराला बघून घेईल, पण मशिनी आम्हालाच हुडकाव्या लागतात!" ती पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवशी मी गणवेशात कारखान्यात गेलो आणि त्याच बायकांसमोर म्हणालो, "या ताईंवर संशय घेतला, ती माझी चूक." शिलाई करणारी एक म्हातारी ओरडली, "चावी माझ्याकडं द्या. मी काय शिंगणापूरची न्हाई!" सगळ्या हसल्या. मालकाने चावी तिला दिली आणि ताईंना म्हणाला, "बसा मशीनवर. बाह्या राहिल्यात."

गुन्हेगाराला बोलतं कसं करायचं, ते मला खात्याने शिकवलं. पोटाच्या भीतीने गप्प बसलेल्या निरपराध माणसाला आधी धीर द्यावा लागतो, हे मी त्या ताईंना रडवून शिकलो.