पंचनाम्यात नसलेला पितळी गोळा

'ती घटना आजही आठवते' असं म्हणून आमच्या खात्यातले लोक आठवणी सुरू करतात. माझ्या बाबतीत आठवण्याचा प्रश्न येत नाही. ती माझ्या टेबलावर असते. लिंबाएवढा पितळी गोळा आहे, खालून आटे पाडलेला. सध्या त्याच्याखाली विजेची बिलं असतात.

तेव्हा मी शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. वाहनचोऱ्या वाढल्या होत्या, वरून रोज विचारणा होत होती. अशा दिवसांत पुंडलिकनगरातून एका सद्गृहस्थांचा फोन आला. शेजारच्या शेडमध्ये गाड्या कापतात म्हणाले. "साहेब, दिवसभर ग्राइंडर चालू असतो, डोकं उठलंय. बाप एसटीतून रिटायर, पोरगी कंपनीत. एवढं इंजिनबिंजिन येतं कुठून?" खबर देणाऱ्याला स्वतःला त्रास कशाचा आहे ते आधी पाहा, असं मी नव्या फौजदारांना सांगत असे. या माणसाला त्रास आवाजाचा होता. त्या दिवशी मी ते पाहिलं नाही.

दुपारी पंच घेऊन गेलो. घराला लागून पत्र्याची शेड. आत एक जुनी छोटी गाडी, पण मूळची ओळख उरली नव्हती. बूड खाली आणलेलं, चाकं रुंद, मागची सीट काढून तिथं लोखंडी नळ्यांचा पिंजरा वेल्ड केलेला आणि पुढं मोठ्या गाडीचं इंजिन. मुलगी तिशीची, वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूमला. वडील स्टुलावर बसून नट आवळायचे पाने चाचपून जागच्या जागी लावत होते. काचबिंदूनं त्यांची नजर जात चालली होती.

"इंजिनचा नंबर आरसीशी जुळत नाही," मी म्हणालो.

"कसा जुळंल, साहेब?" मुलगी म्हणाली. "इंजिन दुसऱ्या गाडीचं हाय. आरटीओची परवानगी काढायचीय. तवर गाडी गेटाबाहेर नेली नाय अन् नेणार बी नाय."

"पण कशाला पाहिजे असली गाडी?"

उत्तर वडिलांनी दिलं. "जन्म गेला एसटीचे डबे दुरुस्त करण्यात. एक गाडी आपल्या मनानं करावी म्हणलं. डोळे हायेत तवर पोरीच्या शेजारी बसून दौलताबादच्या रस्त्याला जायचंय. दुसरं काय नाय."

हवालदार पंचनामा लिहीत होते. मी गाडीत बसून बोलता बोलता गिअरच्या दांड्यावरचा गोळा फिरवत राहिलो. तो निघून हातात आला. जड, गुळगुळीत, मुठीला बरा वाटणारा. खिशात टाकला. हवालदारांना सांगितलं नाही. एवढीशी वस्तू, असं मनात आलं असेल. खरं तर काहीच मनात आलं नाही.

गाडी ठाण्यात आणली आणि बातमीदारांना सांगून मोकळा झालो: वाहनचोरीचं रॅकेट उघडकीस.

चौकशीत मुलीला तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले. पाठ केलेलं खोटं प्रत्येक वेळी सारखंच येतं. खरं बोलणारा मधेच स्वतःला दुरुस्त करतो. "मंगळवारी नाय साहेब, चुकले. मंगळवारी मला सेकंड शिफ्ट होती. बुधवारी आणलं इंजिन." मला तिथंच कळायला हवं होतं. बहुधा कळलंही होतं.

इंजिन गंगापूरच्या एका भंगारवाल्याकडचं होतं. त्याला बोलावून घेतलं.

"ती पोरगी? व्हय, मीच दिलं. साहब, भेजा खाल्ला हो तिनं! दिवसभर घासाघीस. वरून बिल पाहिजे म्हणं, अपघाताच्या गाडीचे कागदं बी पाहिजे म्हणं. चोरीच्या मालाचं गिऱ्हाईक असं बसून चहा पेत नाय, साहब. उभ्या उभ्या नेतं अन् गायब!"

कागद खरे निघाले. चेसिस नंबरावरचा रंग खरवडला, तो नंबर आरसीशी जुळला. तपास संपला.

गाडी त्याच दिवशी सोडता आली असती. पण बातमी छापून आली होती. रॅकेट नव्हतं हे मला सांगावं लागलं असतं. मी विनापरवाना फेरबदलाचं कारण पुढं केलं आणि "कोर्टातून सोडवून घ्या" म्हणालो.

मुद्देमालाची गाडी ठाण्याच्या आवारात उभी राहिली की तिचं काय होतं, हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. आधी बॅटरी जाते, मग टायर, मग बॉनेटच्या आतलं. चोरी कोणी म्हणत नाही. लागेल तसं नेतात. आमच्या जीपला एक दिवस नवी बॅटरी दिसली. मी विचारलं नाही. मुलगी मधे येऊन म्हणाली, "साहेब, ताडपत्री तरी टाकू द्या. अन् जरा लवकर बघा, दादांची नजर लई उतरलीय." मी तिला नियम सांगितला.

कोर्टाचा आदेश आला तोवर गाडीनं एक पावसाळा उघड्यावर काढला होता. मुलगी ताबापावतीवर सही करायला माझ्या केबिनमध्ये आली. पावतीवर 'वाहन सुस्थितीत मिळाले' असा मजकूर होता. पंखा चालू होता.

"बॅटरी, टायरं गेलेत, ते जमवीन मी," ती म्हणाली. "गिअरचा गोळा तेवढा बघा, साहेब. दादांनी लेथवर केलेला हाय. त्याच्यानंतर त्यांनी मशीनला हात लावला नाय. दिसंना झालं."

"पंचनाम्यात आहे का?" हे वाक्य आमच्या तोंडात बसलेलं असतं.

"नाय."

"मग कसा मिळेल?"

ती सहीसाठी वाकली. कागदावर वजन म्हणून तोच गोळा होता. इतके महिने तिथं राहून तो मला दिसेनासा झाला होता. तिनं तो उचलला, अंगठा एकदा आट्यांवरून फिरवला. सही केली आणि गोळा पुन्हा कागदावर ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, साहेब. कागदं उडतेल."

हवालदार आणि कारकून समोर उभे होते. 'घेऊन जा' एवढंच म्हणायचं होतं. मी पुढची फाईल मागितली.

वयाआधीच निवृत्ती घेतली. त्यानंतर गोळा घेऊन पुंडलिकनगरला गेलो. गाडीला परवानगी मिळाली होती, ती रस्त्यावर धावत होती. दांड्यावर काळा प्लास्टिकचा गोळा होता. वडील खुर्चीत बसलेले, चेहरा माझ्या पावलांच्या दिशेला.

"कोण हाय गं?"

मी मूठ उघडली. मुलीनं हात पुढं केला नाही. हळूच म्हणाली, "पंचनाम्यात नव्हता ना, साहेब? मग आमचा कसा?"

"काय म्हणतेत गं?"

"काय नाय, दादा. पत्ता विचारायलेत."

मी निघालो.

लोकांच्या हातून काय घडलं ते लिहिण्यात माझी सगळी नोकरी सरली. पोलिसानं काय लिहिलं नाही, याची नोंद मात्र कुठल्याच रजिस्टरात होत नाही, हे मला या प्रकरणानं शिकवलं. म्हणून ती इथं करतो. पुंडलिकनगरातल्या शेडमधल्या गाडीच्या गिअरच्या दांड्यावरून काढलेला पितळी गोळा, नग एक. बनवणारे, मुलीचे वडील. काढून नेणारा, ठाण्याचा प्रभारी अधिकारी, म्हणजे मी. पंच हजर होते, त्यांना सांगितलं नाही.

हे छापून आलं की तो घेऊन पुन्हा जाईन. घ्यायचा की नाही, ते तिनं ठरवावं. वडिलांनी 'कोण हाय गं' म्हणून विचारलं, तर या वेळी उत्तर मी देईन.